पलंगाखालचा संगणक

रविवार, १२ जानेवारी. नवागाम

आज ह्यांच्या संशोधन-गटातला मनोज येऊन संगणक घेऊन गेला. कापडाच्या लूमवर राबणाऱ्या कामगारांच्या आजारांवरचं सगळं संशोधन ह्यांनी त्यावरून इंटरनेटवर सर्वांसाठी खुलं ठेवलं होतं.

"भाऊंनी जगासाठी उघडं केलं आणि ठेवलं कुठे, तर पलंगाखाली!" मनोज हसला. मग हळूच म्हणाला, "वहिनी, इथली लाइट गेली की सगळ्यांचं अडतं. आता चार कॉलेजं मिळून सांभाळतील."

ह्यांनाही तेच हवं होतं. मी हो म्हटलं.

पण हे गेल्यापासून तो मी एकदाही बंद केला नव्हता. संशोधनासाठी, की त्याच्या घरघरीसाठी? ती ऐकतच झोप लागायची.

संध्याकाळी पलंगाखाली झाडून घेतलं. मग थंडी असूनही पंखा लावला.