सात जुलैची यशस्वी चाचणी

२३ जून
संचालकबाईंनी सगळ्यांना बोलावलं. आपल्या हॉस्पिटलात नोंदणी खिडकीचं सॉफ्टवेअर एका कंपनीचं, लॅबचं दुसरीचं. दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. मध्ये कागदाच्या चिठ्ठ्या फिरतात आणि हरवतात. हे जोडायचं कोण बघणार? सगळे टेबलाकडे बघत बसले. मी हात वर केला. एकवीस वर्षं रेकॉर्ड विभाग सांभाळलाय. दोन सॉफ्टवेअरं काय जड आहेत?

२४ जून
'एंटरप्राइज ॲप्लिकेशन इंटिग्रेशन'वरचं जाडजूड पुस्तक आणलं. सहाशे बारा पानं. रोज पन्नास. तेरा दिवसांत विषय खिशात.

२५ जून
चार पानं झाली. प्रस्तावना समजून घेत वाचावी लागते.

२८ जून
बायकोने विचारलं, वेब सर्व्हिस म्हणजे काय. सांगितलं, एक प्रोग्रॅम नेटवर्कवरून दुसऱ्याला काम सांगतो, दुसरा ते करून उत्तर देतो. म्हणाली, आणि दुसऱ्याला भलतंच ऐकू आलं तर? म्हटलं, ती काय माणसं आहेत? सासरे आमच्याकडेच असतात. ते पेपरातून डोकं काढून म्हणाले, जावईबापूंना सगळं ठाऊक असतं. या घरात कदर करणारा तेवढा एकच.

१ जुलै
दोन्ही कंपन्यांची माणसं जोडणी करून देतायत. देखरेख माझी. आमच्या कॉम्प्युटर विभागात एक मुलगी आहे, सगळे तिला चष्मा म्हणतात. ती म्हणाली, सर, नाव, वय, तारीख दोन्हीकडे कसं लिहितात ते आधी जुळवून बघू या. म्हटलं, तारीख ती तारीख, त्यात काय जुळवायचं? पुन्हा तोंड उघडायला लागली, तेव्हा मीटिंग संपवली.

५ जुलै
पान एकतीस. नुसत्या चौकटी आणि बाण. पुस्तक जुनाट आहे. अनुभव हाच खरा गुरू.

७ जुलै, दुपारी १२.१०
झालं! नोंदणी खिडकीवर माझ्याच नावाने तपासणी टाकली, आजच्या तारखेची. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच लॅबच्या पडद्यावर हजर. टाळ्या! चष्मा म्हणाली, सर, आणखी चार-पाच तारखा टाकून बघू. काही लोकांना दुसऱ्याचं बरं बघवतच नाही.
परवापासून नवी सिस्टीम चालू. चिठ्ठ्यांची पुस्तकं रद्दीत टाकायला सांगितली. सासऱ्यांची परवाची साखरेची तपासणी मी स्वतः लावली. पहिला मान घरच्यांना.

९ जुलै, सकाळी ९.२०
लॅबबाहेर पाय ठेवायला जागा नाही. लॅबवाले म्हणतात, आजच्या यादीत एकही नाव नाही. यांना साधा पडदा वाचता येत नाही. प्रशिक्षण द्यावं लागणार.

९.५०
स्वतः बघितलं. आज कोणीच नाही. सात सप्टेंबरला एक्केचाळीस जण. लॅबचा टेक्निशियन विचारतो, सर, तेव्हा काही शिबिर आहे का? हसत होता.

१०.१५
चष्माने कारण शोधलं. नोंदणीवाले आधी दिवस लिहितात, लॅब आधी महिना वाचते. म्हणून नऊ जुलैचं तिकडे सात सप्टेंबर झालं. परवा सात-सात होती, उलटी वाचली तरी सात-सातच.
हे कंपन्यांनी आपणहून सांगायला नको? दोघांनाही कडक पत्र लिहितो.

दुपारी १
पत्र राहिलं.
सासरे पडले. मधुमेहाची गोळी घेऊन, सकाळपासून उपाशी, साडेसहाला येऊन बसले होते. नर्सने दोनदा सांगितलं, आजोबा, काहीतरी खाऊन घ्या, आज तुमचं नाव नाही. तर म्हणाले, माझ्या जावयाची सिस्टीम आहे, नाव येईलच. उठायला गेले, भोवळ आली, बाकाच्या कडेवर कपाळ आपटलं. तीन टाके.
बायको आली. मी समजावून सांगत होतो. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

१० जुलै
चष्माने वीस मिनिटांत दुरुस्त केलं. पुढचं सगळं काम आता तिच्याकडे. संचालकबाई ओरडल्या नाहीत. एक्केचाळीस जणांची यादी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, प्रत्येकाला स्वतः फोन करून माफी मागा. चूक आपली आहे, असं स्पष्ट सांगा.
दिवसभर तेच केलं. एक बाई रडल्या, एका गृहस्थांनी माझं खानदान काढलं. चाळीस झाले.
घरी आल्यावर सासऱ्यांच्या खाटेपाशी बसलो. काही बोलायच्या आत त्यांनीच माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले, जावईबापू, मनाला लावून घेऊ नका, मी सगळ्या बिल्डिंगला सांगितलंय, घोळ लॅबवाल्यांनी घातला.
मी हो म्हटलं नाही.
नाहीही म्हटलं नाही. उशी सारखी करून दिली आणि बाहेर आलो.
चाळीस झाले. एक बाकी.