पयले कुत्रे, मंग मानसं

बाबा, परवा मी त्याच धरणात जाऊन आले. मोर्शीकडच्या, जिथे उन्हाळ्यात पाणी उतरलं की तुम्ही उघड्या पडलेल्या टेकाडांवर डांगरवाडी लावायचे, टरबूज-खरबुजांचे वेल पसरायचे. या वयात, या उन्हात, मजा म्हणून. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काहून वं, घरी पंखा बंद पडला काय?" आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवशी दुपारी मलाही तेच वाटत होतं. अंग आंबून गेलं होतं, गुडघा ठणकत होता, आणि कॉलेजातल्या दोघी मैत्रिणी मात्र या बेटावरून त्या बेटावर जायच्या उत्साहात होत्या. त्या दोघी टेकाडांना बेटं म्हणतात. तंबू आणले होते, घडीचा गॅस आणला होता आणि अकोल्याच्या मैत्रिणीने आपली दोन कुत्रीही आणली होती, एक पांढरं आणि एक बदामी. आयुष्यभर शाळेत मुलं मोजली, आता सुट्टीत कुत्री मोजायची, असं मी म्हटलं आणि आम्ही तिघी हसलो.

तुमच्या डोंग्यात मोजणी व्हायचीच. एका टेकाडावरून दुसऱ्यावर जाताना आधी कुत्रे चढवायचे, मग आम्ही, मग डांगरं. "पयले कुत्रे, मंग मानसं," तुम्ही दरवेळी म्हणायचे. "मानूस मागं रायला तर हाका मारते. कुत्रं मागं रायलं तर पोयत येते अन् दमून मरते. त्याले समजत नाही ना, का आपन वापस येऊ." रानडुकरं वेलांत शिरू नयेत म्हणून दोन कुत्री असायची आपल्याकडे. त्यातलं काळं माझं होतं. म्हणजे मीच तसं ठरवलं होतं.

मी अकरा वर्षांची होते. दुपार कलली होती, वारा सुटला होता, तुम्हाला घाई होती. तुम्ही दोर सोडता सोडता पाठमोरेच विचारलं, "दोनी कुत्रे आले काय वं?" माझ्या मांडीवर फुटलेलं डांगर होतं, दोन्ही हात बरबटलेले होते. मी मान वर न करता "हो" म्हटलं. काळं खोपीच्या सावलीत झोपलेलं होतं. ते मला अर्ध्या पाण्यात आल्यावर दिसलं, म्हणजे त्याचं डोकं तेवढं दिसलं, आपल्यामागे येत असलेलं. तुम्ही डोंगा वळवला, तोंडाने त्याला बोलावत राहिलात, बांबू इतक्या जोरात रेटत होतात की तुमच्या गळ्याच्या शिरा मला अजून दिसतात. पोचलो तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं.

घरी आईने विचारलं तेव्हा मी चुलीपाशी उभी होते. आता तुम्ही सांगणार, असं वाटत होतं. तुम्ही पाय धूत म्हणालात, "माही चूक झाली. मी इचारलंच नाही." एवढंच. आई तुम्हाला खूप बोलली. तुम्ही ऐकून घेतलं. मला वाटलं, सुटले. पण त्या दिवसानंतर तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. डोंगा सोडायच्या आधी स्वतः मागे वळायचे, बोटाने मोजायचे, मग दोर सोडायचे. मी समोरच बसलेली असायचे. तुम्ही रागावला असता, दोन ठेवून दिल्या असत्या, तर मी रडून मोकळी झाले असते. ते न विचारणं मला फार लागलं, बाबा. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली तरी लागतं.

परवा आमचा नावाडी तुमच्याच वयाचा होता, म्हणजे तुम्ही गेलात तेव्हाच्या. कमी बोलणारा, कानाला रुमाल बांधलेला. तिसऱ्या टेकाडावरून निघताना तो इंजिनाशी खाटखूट करत होता. मी शेवटची चढले, काखेत सतरंजी, डोळ्यांपुढे ऊन. त्याने विचारलं, "बाई, दोनी कुत्रे आले ना?" आणि मी, डांगरवाडीवाल्याची पोरगी, मान वर न करता म्हणाले, "हो."

बदामी कुत्रं तंबू होता त्या जागी काहीतरी हुंगत राहिलं होतं. अकोलेवालीच्या किंचाळण्याने मी वळून पाहिलं. पाण्यावर डोकं. यावेळी इंजिन होतं, म्हणून वेळेत पोचलो. नावाड्याने अर्धं अंग बाहेर काढून त्याला मानेला धरून ओढलं. ते ओकलं, थरथरलं, आणि मोर्शीला डॉक्टरकडे नेईपर्यंत शेपूटही हलवायला लागलं. पण मैत्रीण डोंग्यातच नावाड्यावर तुटून पडली होती. "एवढं मोठं कुत्रं मांगं रायलं, तुमाले दिसत नाही का हो? मेलं असतं म्हंजे?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाला, "चुकलं बाई. मी पाहाले पायजे होतं."

मी सतरंजीची घडी नीट करत बसले.

काल अकोलेवालीने व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नावाड्याचा फोटो टाकलाय. ग्रुपमध्ये अमरावती-अकोल्याकडचे फिरायला जाणारे शेदीडशे लोक आहेत. या माणसाबरोबर कोणी जाऊ नका, निष्काळजी आहे, असं लिहिलंय. उन्हाळ्याचे हे दोन महिनेच त्याचा धंदा. खाली लोकांनी रागाची चित्रं टाकलीत, एकाने ठरलेली सहल रद्दही केली. मला तिचा वेगळा मेसेज आला, "तू पण लिही ना दोन शब्द, तू तर शेवटची चढली होती."

मी अजून काही लिहिलेलं नाही. "हो" मीच म्हटलं होतं, असं तीन वेळा लिहून पुसलं. तिचा स्वभाव मला माहीत आहे, ती चिडेल, मग हसेल, मग चारचौघांत सांगत फिरेल. एवढंच होईल, जास्त काही नाही. एवढ्यालाही मी भिते, या वयात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला कळतं. तिला दोनच ओळी पाठवायच्या होत्या. सकाळपासून त्या जमेनात, म्हणून तुम्हाला एवढं लांबलचक लिहीत बसले.