गॅलरीतला वरवंटा

१७ जानेवारी १९५६

माझा वरवंटा गेला! पाटा जागच्या जागी, वरवंटा नाही. मिरचीचा ठसका बाळाला लागू नये म्हणून सासूबाईंनी दोन्ही गॅलरीत काढून ठेवले होते. दुपारी खाली लाठ्या चालल्या आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरून बायकांनी हाताला लागेल ते पोलिसांवर टाकलं — कुंड्या, विटा, फुटके डबे. मी आत, दार लावून, तीन दिवसांच्या लेकाला कुशीत घेऊन. आणि कुणीतरी माझा वरवंटा उचलला! आईने लग्नात दिलेला. मुंबई मलाही हवीय, पण वरवंटा आपापल्या घरचा टाकावा ना!

१८ जानेवारी

कर्फ्यू. शेजारच्या चंपाला विचारलं. म्हणाली, मी कुंडीशिवाय काही टाकलं नाही. खोटारडी. सगळ्यात मोठा आवाज हिचाच होता.

हे म्हणतात, वरवंटाच ना, दुसरा आणू. ह्यांचं काय जातंय! बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा जातो, झबलं-टोपडं घालून, गोप्या म्हणून. इडापीडा त्याच्यावर, मग बाळ. मागच्या खेपेला घाईत नारळावर भागवलं. माझी शेवंता सहा महिन्यांची होऊन देवाघरी गेली. ह्या वेळी मला तोच वरवंटा हवा. कुणी शहाणपण शिकवू नये.

सासूबाई जेवल्या नाहीत.

१९ जानेवारी

सीतारामभाऊंचा पाय चेचला! तळमजल्यावरचे, माझ्या मैत्रिणीचे, सुभद्राचे यजमान. ह्यांनी सांगितलं. पोलीस त्यांना चाळीच्या दारातच बडवत होते आणि त्यात वरून दगड आला, थेट पंजावर. गिरणीत कापडाच्या साच्यावर दिवसभर उभं राहायचं काम त्यांचं. आता कसे उभे राहणार?

चाळीत सगळे म्हणतात, दगड पोलिसांचा. पोलीस काय आभाळात बसले होते? खालून मारलेला दगड वर येता येता दमतो. वरून सुटलेला दमत नाही. आमच्यातल्याच कुणाचा तरी आहे तो. कुंड्या टाकल्या म्हणून मिरवायला दहाजणी पुढे, ह्या एका दगडाला मात्र आई ना बाप! चीड येते नुसती.

२० जानेवारी

बारशापर्यंत जिना उतरायचा नाही मला. नाहीतर धावत गेले असते. कळा येत होत्या तेव्हा रात्रभर सुभद्राने माझी कंबर धरली होती.

टोपलीतून शिरा सोडला. रोजचीच टोपली आमची — ती खालून भाजी ठेवते, मी दोर ओढते. मी वरून काही सोडते, ती उतरवून घेते. आज टोपली रिकामी वर आली. सुभद्रा कधी रिकामी पाठवत नाही, निदान कोथिंबिरीची काडी तरी ठेवते. वाटी धुतलेली.

२१ जानेवारी

आजही रिकामी.

२२ जानेवारी

सकाळी गॅलरीत चंपाला धरलं. माझा वरवंटा टाकलास, तोच त्या माणसाच्या पायावर पडला, आता तोंड लपवतेस! ती रडायला लागली. मला जरासुद्धा दया आली नाही. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या.

"तिका बोला नको. मी टाकलंय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"माका वाटला, रामदासाक मारतत. पोलिसाच्या टकल्यार सोडलंय. गेलो सीतारामाच्या पायार."

आपला मुलगा समजून! हे तेव्हा गिरणीत होते. सुभद्राच्या नवऱ्याला वाचवायला गेल्या आणि त्यालाच पाडलं. चंपा उठून गेली. तिची माफीसुद्धा मागता आली नाही मला.

दुपारी हे आले आणि वर मलाच दम. चाळीत एक शब्द काढायचा नाही. सासूबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या. पाच दिवस मी शोधतेय आणि ही बाई गप्प! माझ्या लेकाचा गोप्या, माझ्या मैत्रिणीचा संसार, आणि मी तोंड शिवून बसायचं? म्हटलं, सुभद्राला मी सांगणारच. हे म्हणाले, मग ती ह्या घरात पाऊल ठेवील? खरंच होतं ते. म्हणून आणखी संताप.

२४ जानेवारी

उद्या बारसं. सासूबाईंनी कोपऱ्यात नारळ काढून ठेवलाय. मी तो गॅलरीत नेऊन ठेवला.

२५ जानेवारी

सकाळी खालून दोर हलला. सासूबाई ओढायला लागल्या, टोपली हलेना. मी हात लावला. दोघींनी मिळून वर घेतली.

आत माझा वरवंटा. स्वच्छ धुतलेला. पिवळं झबलं घातलेला, टोपडं बांधलेला. किती वेळा तिने त्याने मसाला वाटलाय. पहिल्याच दिवशी ओळखला असणार.

वाकून पाहिलं. सुभद्रा वर बघत उभी. म्हणाली, "आधी गोप्याला घाला पाळण्यात. यांना पेज भरवते आणि येते."

वळून बघते तर सासूबाई नाहीत. गुडघे धरल्यापासून ज्या वर्षभर खाली गेल्या नव्हत्या, त्या कठडा धरून जिना उतरत होत्या.