बिनमुखवट्याचा गोलकीपर

पुसद, १२ डिसेंबर

प्रिय बबलू,

गेले तीन रविवार तू फोनवर एकच विचारतोयस, "ताई, कार्ड कसं आहे?" आणि तिन्ही वेळा मी तुला तुरीला शेंगा किती धरल्या ते सांगितलं. तुझ्या बहिणीला तुरीतलं काही कळत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा तुला संशय आला असणारच. आता सरळ सांगते. कार्ड हरवलेलं नाही, उंदरानं कुरतडलेलं नाही, घरातच आहे. पण वणीहून आणलं तेव्हा होतं तसं ते आता राहिलेलं नाही. त्या एका कार्डासाठी तू सहा वर्षं थांबलास आणि एप्रिलच्या संग्राहकांच्या मेळ्यात तुझा अख्खा संच काचेखाली लागायचा आहे, हे माहीत असल्यामुळे फोनवर माझी जीभ उचलली नाही. पत्राचं बरं असतं, समोरच्याला मध्येच तोडता येत नाही. शेवटपर्यंत वाच, आणि क्रमानं वाच.

तुझ्या या नादाची मी चेष्टा केली, पण तो मला कळला नाही असं नाही. एडमंटनच्या स्टेडियममध्ये बर्फ सारखा करायचं यंत्र चालवणारा आपल्या तांड्यातला तू पहिलाच, आणि बहुधा शेवटचा. आपल्याला बर्फ माहीत होता तो गोळेवाल्याच्या रंध्याखालचा, आणि हॉकी माहीत होती ती बाभळीच्या वाकड्या फांदीची. तू त्या खेळाडूंचा पहिला फोटो पाठवलास तेव्हा मला ती अग्निशमन दलाची माणसं वाटली होती. मग तू सांगितलंस की साठ वर्षांपूर्वी तिकडे च्युइंगमच्या पुडीत खेळाडूंची चित्रं छापलेली ही कार्डं निघायची, पोरं च्युइंगम तोंडात टाकायची आणि कार्डं सायकलच्या आऱ्यांना लावून फटफट आवाज काढायची. त्यातून जी वाचली ती तू शोधत फिरतोस. मी वाळवी लागलेल्या पोथ्या शोधत फिरले आहे, तेव्हा तुला वेडा म्हणायचा अधिकार माझ्याकडे नाही. तरी म्हणते, कारण मी मोठी आहे.

वणीला मी तुझ्यासाठी गेले, हे विसरू नकोस. हवं असलेलं कार्ड अख्ख्या कॅनडात मिळेना आणि निघालं कुठे, तर कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेल्या रामरावजींच्या ट्रंकेत! तरुणपणी प्रशिक्षणाला कॅनडात होते, घरमालकाच्या पोरानं निघताना आठवण म्हणून हातात ठेवलं. तू म्हणालास, पोस्टाचा भरवसा नाही, ताई, तूच जा. दिवाळीच्या सुट्टीत दोन एसट्या बदलून, भिंग, मोजपट्टी आणि पांढरे हातमोजे घेऊन मी त्यांच्या ओसरीवर हजर झाले. चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ. माझ्या हातमोज्यांकडे पाहून म्हणाले, "मॅडम, ऑपरेशन हाये काय?" मग चहा आला, आणि कार्ड माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "नातू म्हन्ते कचरा हाये, तुमचा भाऊ म्हन्ते रतन हाये. मले दोघायचंही पटते. घेऊन जा."

त्यानंतरचा तास मी जन्मात विसरणार नाही. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवला होता, पलीकडे तू मध्यरात्री जागा, आणि अलीकडे तुझी बहीण भिंगातून कार्डाचे कोपरे वाचतेय. चार परीक्षा तू मला शिकवल्यास: कोपरे टोकदार हवेत, कडा झिजलेल्या नकोत, चित्र बरोबर मधोमध हवं, पृष्ठभागावर ओरखडा नको. मी डावा समास मोजला, उजवा मोजला, फरक अर्ध्या मिलिमीटरचा. पाठीमागची छपाई वाचली. एका कोपऱ्याला किंचित पांढुरकेपणा होता, तोही लपवला नाही. तू म्हणालास, "ताई, दहापैकी सात तरी येतील." मग फोन बाजूला ठेवून कुठेतरी गेलास आणि नाक शिंकरल्याचा आवाज आला. मी छताचा पंखा पाहत बसले. रामरावजींनी विचारलं, "पास झालं काय?" मी म्हटलं, "प्रथम श्रेणीत."

आता त्या चित्रातल्या माणसाकडे येते. त्याच्या नावाचा उच्चार करायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. त्या काळचे गोलकीपर तोंडावर मुखवटा न घालता उभे राहायचे, हे तूच सांगितलंस. याच्या हनुवटीपासून गालापर्यंत टाक्यांची खूण आहे, आणि तरी गडी हसतोय. मी त्याला प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवलं, बँकेची पासबुकं आणि रेशनकार्ड यांच्या मध्ये. घरातलं सगळं मोलाचं तिथेच असतं.

तू मात्र दर रविवारी फोनवर त्याची चौकशी करायचास. दमट जागा नाही ना, ऊन लागत नाही ना, कोपरे ठीक आहेत ना. स्वतःच्या आईची, याडीच्या गुडघ्यांची चौकशी इतक्या बारकाईनं तू कधी केली नाहीस, हे ती बोलली नाही, मीच बोलते. तिनं एकदा विचारलं की हे कोपरे पाहणारं कोण असतं. मी म्हटलं, तिकडे ग्रेडर असतो, तो नंबर देतो. ग्रेडर म्हटल्यावर तिला कापूस खरेदी केंद्रावरचा आठवला, मूठभर कापूस ओढून धागा पाहणारा. "हा बी ओलावा पाह्यते काय?" म्हणाली. मी म्हटलं, पाहतो, सगळंच पाहतो. मग तिनं ते पाकीट हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं आणि आपल्या बोलीत विचारलं, "ई कुण छ?" हा कोण? आणि बबलू, मला मस्करी सुचली. मी म्हटलं, "हा तुझ्या पोराचा देव आहे, मुखवटा न घालता उघड्या तोंडानं उभा राहतो."

आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना सांगत आले की जे लिहाल ते समोरचा खरं मानणार आहे असं समजून लिहा. स्वतःच्या घरात विसरले.

त्यानंतर आठवड्याभरानं पेपर तपासायला तीन दिवस यवतमाळला गेले. परत आले तर तुझा गोलकीपर कपाटात नव्हता. तो देवळीत होता, सेवालाल महाराजांच्या फोटोशेजारी, आणि त्याच्या अंगावर पोशाख होता. लाल कापडाची चौकट, चारी बाजूंनी कशिदा, कोपऱ्यांना आरसे, खाली कवड्यांची झालर, आणि मधल्या खिडकीतून तो टाके पडलेला चेहरा हसत बाहेर पाहतोय. पुढ्यात गुळाचा खडा. मी आधी हसले. खरंच खूप हसले. याडी चुलीजवळून म्हणाली, "हसून काहून राह्यली? देवाले कोनी प्लास्टिकमंदी कोंबते काय? आन् पाय ना, उघड्या तोंडानं हुबा हाये बिचारा. म्हून आरसे लावले. लागनारी नजर तिकडच्या तिकडं वापस जाईन."

मी ते हातात घेतलं आणि माझं हसू थांबलं. कापड कार्डाभोवती शिवलेलं नव्हतं. सुई कार्डातून गेली होती. भिंगाखाली मोजलं: अकरा छिद्रं, त्यातली दोन त्याच्या खांद्यावर. टाका ओढल्यानं डावी कड दुमडली आहे. तुझ्या त्या इंग्रजी नियमावल्या मी वाचून काढल्या. छिद्रं पडलेल्या कार्डाला दहापैकी एक मिळतो, किंवा नंबरच मिळत नाही, नुसती 'अस्सल' अशी चिठ्ठी लावून परत पाठवतात. वणीच्या ओसरीवरचे आपले सात गेले. मला राग आला. "याडी, हे काय केलंस?" असं मी जोरात म्हणाले. तिच्या हातातलं उलथनं थांबलं. "काहून? वाकडं झालं काय?" तिनं विचारलं.

मग मी ते उलटं केलं. तुला आठवत असेल, तांड्यात नवरीचा फेटिया, तिचा कशिद्याचा घागरा, दाखवायला आणला की बाया सुलटी बाजू पाहतच नसत. आधी उलटा करायच्या. हात कसा आहे ते मागून कळतं. बारा वर्षांची असताना माझा पहिला रुमाल याडीनं उलटून पाहिला, काही न बोलता परत दिला, आणि मी संस्कृतकडे वळले. तिचं स्वतःचं काम मागूनही पुढच्यासारखंच असायचं, कुठे गाठ दिसायची नाही. या चौकटीच्या मागे मात्र नुसता गुंता होता. दोरे एकमेकांवर चढलेले, निळ्याच्या ओळीत मध्येच हिरवा, एकेका जागी तीन-तीन गाठी. पुढची बाजू तेवढी पन्नास वर्षांच्या सवयीनं निभावून नेली होती. मी विचारलं, शिवताना सुईला जड नाही लागलं? म्हणाली, "लागलं. मले वाटलं कापड दुहेरी आलं."

मी संध्याकाळभर तिच्याकडे पाहत बसले, आणि वर्षभर समोर घडत असलेलं मला एका बैठकीत दिसलं. वरणात दोनदा पडणारं मीठ. सुया ओवून देणारी माझी लेक राखी, जिला वाटायचं आजी लाड करून घेते. दारात कोणी आलं की तो बोलेपर्यंत हिचं गप्प राहणं. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. डावा डोळा पूर्ण गेला आहे. उजव्याला उजेड कळतो आणि माणूस उभा आहे एवढं कळतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकावी म्हणून थेंब दिलेत. डॉक्टरांनी विचारलं, आजी, कधीपासून? तिनं शांतपणे सांगितलं, मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून. रिक्षात मी भांडले. एका घरात राहून सांगितलं नाहीस? तर म्हणते, "तुले सांगतलं असतं, तू त्याले सांगतलं असतं. थो तिथं रडत बसला असता. इतक्या दुरून येनार हाये काय?"

पोशाखाचे दोरे कापून कार्ड मोकळं करावं असं दोनदा मनात आलं. कात्री घेऊन बसलेही होते. छिद्रं तर बुजणार नाहीत, मग कात्री ठेवून दिली. ते कापायचं की नाही, तुझ्या ग्रेडरकडे पाठवायचं की नाही, संचातली ती जागा मोकळी ठेवायची की दुसरं कार्ड शोधायचं, हे तुझं तू ठरव. मला विचारू नकोस, मी ग्रेसचे मार्क देणाऱ्यांपैकी आहे. आणि रागवायचं असेल तर माझ्यावर रागव. तो देव आहे असं सांगणारी मी होते.

आता हे फोनवर न सांगता लिहिलं का, ते सांगते. मेसेज केला असता तर तू त्याच मिनिटाला फोन लावला असतास, आणि आपला फोन हल्ली तिच्याच मांडीवर असतो. शेजारचा ओम जानेवारीच्या पाच तारखेला तुझ्या एडमंटनला नोकरीवर रुजू व्हायला निघतोय. कार्डाचं पार्सल त्याच्याकडे देणार आहे. याडीनं ते स्वतः फडक्यात बांधलंय आणि तिचा हुकूम आहे की रविवारी व्हिडिओवर, तिच्यासमोर तू ते सोडायचंस. स्पीड पोस्टनं हे पत्र तुला त्याच्या आधी मिळेल. तेवढ्या दिवसांत काय आदळआपट करायची ती करून घे. त्या रविवारी चेहरा कसा होईल याची काळजी करू नकोस. वर्षभर ती तुझ्या चेहऱ्याकडे पाहून मान हलवतेय, "बारीक झाला रे" म्हणतेय, आणि तिला तिथे नुसता उजेड दिसतो. तिला सगळं कळतं ते तुझ्या आवाजातून. तेव्हा कापड उलगडलंस की लगेच बोलू नकोस. एक श्वास घे. मग बोल. आणि त्या दिवशी इकडे येण्याच्या तिकिटाची तारीख सांगता आली, तर तीही सांग.

तुझीच,
पुष्पाताई