कोबीचे पहारेकरी

२ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून मागचं अंगण माझ्या ताब्यात. दादाला तिथे गाडी लावायची आहे. आईने निकाल दिला: जानेवारीअखेर अंगणातला कोबी घरात आला तर जागा बागेची, नाहीतर गाडीची. दादा हसत म्हणाला, अरे, तुझ्या हातून निवडुंगसुद्धा मेला होता. खोटं आहे. निवडुंगाला मी वेळेवर पाणी घालत होतो. रोज.

५ नोव्हेंबर
पद्धत ठरली. फवारणी अजिबात नाही. कोबीच्या चारही बाजूंनी मोहरी. मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आधी मोहरीवर जातो, कोबी वाचतो. मधे मधे झेंडू. कोपऱ्यात शेपू, तो फुलू द्यायचा. फुलांवर लेडीबर्ड येतात (लाल, काळ्या ठिपक्यांच्या, गोल) आणि मावा फस्त करतात. झाडंच झाडांची राखण करणार, मी फक्त देखरेख. व्हिडिओ पाहिला. अर्धाच, पण मुद्दा कळला.
रोपं नर्सरीतून आणली. तिथे पाटीवर ‘किटकनाशके’ लिहिलंय. ‘की’ दीर्घ हवा, असं सांगितलं. नर्सरीवाला म्हणाला, साहेब, किडे पाटी वाचत नाहीत. उद्धट माणूस.

२८ नोव्हेंबर
रोपं दोरी लावून सरळ रेषेत लावलेली. बघून समाधान वाटत होतं. आणि आज आईने शेपू तोडला! स्वयंपाकाला! मी ओरडलो. ती म्हणाली, खायचा नाही तर लावलास कशाला, फोटो काढायला? यापुढे अंगणात पाय ठेवण्याआधी तिने मला विचारायचं. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

१९ डिसेंबर
मोहरी माव्याने खच्चून भरली. कोबी स्वच्छ. योजना शंभर टक्के यशस्वी!
वहिनी म्हणाली, भावजी, आता ती मोहरी उपटून टाका, नाहीतर सगळी पलटण कोबीवर येईल. लावलेला सापळा कोणी उपटतं का? मोहरीला उलट जास्त पाणी घातलं.

२ जानेवारी
उरलेल्या शेपूला फुलं आली. काही लेडीबर्ड आल्या, मोहरीवर इकडेतिकडे फिरल्या आणि गेल्या. कामचुकार.

८ जानेवारी, सकाळी
नवीन कीड! काळी, अंगावर नारिंगी डाग, काटेरी, मगरीच्या पिल्लासारखी. मोहरीवर आणि कोबीवरही. किळस आली. चिमट्याने एकेक उचलून साबणाच्या पाण्यात बुडवली. कंबरेचा काटा ढिला झाला, पण एकही सोडली नाही.
ही नर्सरीवाल्याच्या रोपांतूनच आली, दुसरीकडून कुठून येणार? एक मगर बरणीत ठेवली, माव्याची पानं घालून, झाकणाला भोकं पाडून. पुरावा जिवंत हवा. नर्सरी बंद आहे, तो कोणाच्या तरी लग्नाला गेलाय. येऊ दे. सोडणार नाही त्याला.

१५ जानेवारी
मावा कोबीवर. पानं चिकट, गड्डे धरतच नाहीत. मगरी रोज वेचतोय, तरी मावा वाढतोच आहे. मी वेचत नसतो तर काय झालं असतं, याची या घरात कोणाला कल्पना तरी आहे का?
दादा टेप घेऊन अंगण मोजत होता. मी म्हणालो, महिना संपलेला नाही. तो म्हणाला, मी नुसतं मोजतोय रे, मोजायला काय जातं? माझं डोकं जातं!

२२ जानेवारी, दुपारी
नर्सरी उघडली. बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून नेली, कारण त्या किड्याकडे बघवत नव्हतं. दुकानात बरीच गिऱ्हाइकं होती. म्हटलं, बरं झालं, साक्षीदार. हा माणूस रोगट रोपं विकतो, बघा माझ्या कोबीवर काय निघालं, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं आणि कागद ओढून काढला.
बरणीत मगर नव्हती. काचेवरून एक लेडीबर्ड वर चढत होती.
नर्सरीवाल्याने बरणी उजेडात धरली. पानाला चिकटलेलं रिकामं टरफल मला दाखवलं. म्हणाला, साहेब, तुम्ही आणलं ते हिचं पिल्लू. मावा खाऊन मोठं झालं. नशीबवान आहात. बाकीची कुठायत?
एक बाई म्हणाल्या, अय्या, किती गोड!
मी म्हणालो, बाकीची बागेत आहेत.

२२ जानेवारी, संध्याकाळी
व्हिडिओचा उरलेला भाग पाहिला. पिल्लं कशी दिसतात ते शेवटी दाखवलंय. सापळा कधी उपटायचा तेही शेवटीच. महत्त्वाचं आधी सांगायला यांच्या तोंडाला काय झालं होतं? खाली तशी कॉमेंट लिहिली, शुद्ध भाषेत.

३१ जानेवारी
त्यातल्या त्यात बरा गड्डा आईने घरात आणला. लिंबाएवढा. धुतला. पाणी काळं झालं. पुन्हा धुतला, पुन्हा काळं. मग कचऱ्यात टाकला.
जेवताना दादा म्हणाला, गाडी रस्त्यावर राहिली म्हणून काही बिघडत नाही, आणखी एक हंगाम घे तू. सगळे माझ्याकडे बघायला लागले. वहिनी तर वाढायची थांबली. मला कोणी दया केलेली खपत नाही. ताडकन म्हणालो, आण तुझी गाडी, मला तशीही ती जागा अपुरीच पडत होती.

२ फेब्रुवारी
गाडी आली. दादाने दुसऱ्यांदा विचारलं नाही. सख्ख्या भावाने दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं.