पत्र्यावरची पानवेल

आप्पा, आमच्या परसातला गंजका पत्रा मी पानवेलीनं झाकला आणि तो परत उघडा कसा पडला, हे तुम्हांला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. लिहायची सवय नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हा वेलांट्यांकडं बघू नका.

सोलापुरातलं तुमच्या लेकीचं हे घर तुम्ही बघितलंय. एकदा आला होता, माठातलं पाणी पिऊन उन्हातच परत निघाला होता. तेव्हा मागं मोकळी जागा होती. पुढं तितं चादरींच्या मागांचा कारखाना झाला, बंद पडला, आणि मधे उरलं ते पत्र्याचं कुंपण. भोकं पडलेलं, तारेनं आवळलेलं. कारखान्याच्या उंच भिंतीची सावली दिवसभर आमच्या परसात. सकाळी घटकाभर ऊन येतं, बस. इतकी वर्षं त्याचं काही वाटलं नाही, भांडी घासायला पत्रा काय नि भिंत काय. पण यंदा वैशाखात कळलं की नातीला दिवस गेलेत. लगेच म्हणाली, डोहाळजेवण आजीच्या परसातच करायचं, हॉल नको. लहानपणी तितंच न्हाऊ घालायची ना मी तिला. माझा लेक म्हणाला, "आई, विहीणबाईंना त्या पत्र्यासमोर बसवायचं? दसऱ्यापर्यंत झाकला तर घरी, नाहीतर मी हॉल ठरवतो." पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, झाकते की. म्हटलं खरं, पण कशानं ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

लेकानं रोपवाटिकेतनं मधुमालती आणि गोकर्ण आणून दिले, लवकर चढतात म्हणून. चढले की, पण सावलीत नुसत्या काड्या लांबल्या. जिथं वरनं ऊन चाटून जातं तितं चार पानं, खाली पत्रा तसाच हसतोय. शेजारणीनं गुळवेलीचा तुकडा दिला. ती लई पळते, पण दोरखंडासारखी लोंबली, पानं विरळ. अळू मोरीच्या पाण्यावर माजलं, पण गुडघ्याच्या वर काही उठेना. (वड्या मात्र झकास झाल्या, त्या वेगळ्या.) मायाळूचं बी टाकलं ते तेवढं भरभर वर निघालं, पण एकट्या मायाळूनं एवढा पत्रा कुठला झाकायला. सून म्हणाली, प्लास्टिकच्या पानांची चटई मिळते, ती ठोकू या. मी ठोक म्हणणारच होते. पण त्या दिवशी भांडी विसळता विसळता पाठीला त्या सावलीची गार ओल लागली, आणि आप्पा, मला तुमच्या पानमळ्याचा वास आला.

नातेपुत्याकडं तुम्ही दुसऱ्याच्या रानात मळा करायचा. आधी शेवरी पेरायची, ती डोक्यावर गेली, सावली पडली, की मगच वेल लावायचा. म्हणजे जिला आम्ही हितं बसून नावं ठेवत होतो, ती सावली तुम्ही बी टाकून वाढवायचा! एकटीच हसत बसले मी. मग सगळंच दिसायला लागलं. मी लहान आहे. तुम्ही बांधावर चपला काढता, मलाही काढायला लावता, कारण पानमळ्यात चपला घालून जायचं नाही, ते देवघर. आत हिरवा अंधार. तुम्ही लव्हाळ्याच्या पातीनं वेल शेवरीला बांधता, मी पाती भिजवून हातात देते. पुढं मी शहाणी झाले आणि एका सकाळी तुम्ही मला बांधावरच थांबवलंत. "आता तू भायेर. बायामाणसाचं पाऊल पडलं की वेल जळतो." आवाजसुद्धा चढवला नाहीत. भाकरीचं गाठोडं तेवढं हातातनं काढून घेतलंत नि वळलात. त्यानंतर मी आत कधी गेलेच नाही. लग्न झालं, तुम्ही गेलात, मळाही मोडला.

म्हणून वेल मागवायला हात धजेना. खरंच जळला तर? पोरीला हॉलमध्ये खुर्चीवर बसवतील. चार दिवस घोळवलं मनात आणि शेवटी नातेपुत्याच्या भाच्याला फोन केला. तो आधी हसला, "आत्या, तू मळा करणार व्हय?" पण मुळं फुटलेले चांगले लांब वेल ओल्या पोत्यात गुंडाळून घेऊन आला. मायाळूच्या मधे मधे लावले. हितं लव्हाळा कुठला, चादरीच्या कातरलेल्या दशांनी मी ते पत्र्याच्या तारेला बांधले. चपला मात्र लांब काढायच्या, नळवाल्यालाही सोडलं नाही. एकदा नात आली नि म्हणाली, मी बांधते. सून दबक्या आवाजात म्हणाली, आई, दिवस गेलेल्या बाईनं हात लावावा का? मी वेलीपुढं सरकले. अगदी तुमच्यासारखी आडवी उभी होते, आप्पा. मग म्हटलं, "तिच्या पोटातबी वेलच वाढतोय की. बांधू दे तिला."

जळला नाही हो. घट बसले तोवर पत्रा दिसेनासा झाला. लेक परसात येऊन बघून गेला, संध्याकाळी मांडववाल्याला घेऊन आला.

हिरव्या साडीत पोर अशी दिसत होती! पुरणपोळ्या झाल्या, आणि ध्यानात आलं की विड्याची पानं आणायचीच राहिली. लेक गाडीची किल्ली शोधतोय तोवर विहीणबाईंनी मागं वळून विचारलं, हे खायचं पान आहे की शोभेचं? खायचं, म्हटलं. त्यांनी चपला काढल्या नि एक खुडलं. मग दुसरीनं, तिसरीनं. चुन्याची डबी फिरली, सुपारी फुटली, बाया वेलीत घुसून चांगलं कोवळं हुडकायला लागल्या. कुणाची पाळी चालू आहे का, हे मी एकीलाही विचारलं नाही. विचारणारही नव्हते. लेक आला तेव्हा कमरेपासून डोक्यापर्यंत पत्रा लख्ख उघडा. "आई, अगं हे काय," म्हणून तो उभाच. विहीणबाई भरल्या तोंडानं म्हणाल्या, "दिसू द्या हो. आमच्या मागं बी तसलाच हाय." नात पोट धरून हसली.

तुमच्या नावाचा एक विडा मी फोटोपुढं ठेवला होता. सगळी पांगल्यावर मीच खाल्ला. दुसऱ्याच्या मळ्याचं पान कुणी वाखाणलं की तुम्ही ताटावरनं उठायचा, ते मला ठाऊक आहे. म्हणून हा कागद कुठं धाडणार नाही, फोटोपुढं वाचणारही नाही. पण आप्पा, पान तुमच्या मळ्यापेक्षा गोड निघालं.