कुठला विल्फ?

प्रिय हिल्डाताई,

काल दवाखान्यातल्या नव्या पोरीनं विचारलं, "ऑलरक्लफ? हे कसलं आडनाव, आजोबा? कुठून आणलंत?" म्हटलं, "वरच्या ओढ्यावरून, पोरी. काठी ऑल्डरची झाडं होती. आमच्या बोलीत ऑल्डर म्हणजे ऑलर, ओढ्याची घळ म्हणजे क्लफ; तेच आमचं नाव झालं."

आपल्या लहानपणी या दरीत दगड भिरकावला तर ऑलरक्लफालाच लागायचा. आडनावाचा उपयोगच नव्हता, म्हणून पोस्टमनसुद्धा बाप-आजा लावून हाक मारायचा. मग गिरणी बंद पडली. कोणी तुझ्यासारखं कॅनडाला गेलं, कोणी चर्चमागे जाऊन निजलं. उरलो मी एकटा, तोही बिनलेकराचा.

रविवारी तुला फोन केला. "ताई, मी विल्फ."

तू हसलीस. "कुठला विल्फ? आमच्याकडे ढिगानं आहेत, मेल्या!"

"सेथच्या ॲम्ब्रोझचा."

"त्याला ओळखते की! माझा धाकटा भाऊ तो. दिसला तर घरी पाठव, अंधार पडतोय."

"पाठवतो," म्हटलं.

हे पत्र मी टाकणार नाही. भाची वाचून दाखवेल आणि तू पुन्हा तेच विचारशील. मला त्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नाही, म्हणून खाली मीच लिहून ठेवतो.

तुझा,
सेथच्या ॲम्ब्रोझचा विल्फ